प्रश्न क्रमांक एकवीस

रुचिता तांडेल, वय अकरा, ट्रॉम्बे कोळीवाडा.
दर तीन आठवड्यांनी सायनला येते.
डाव्या हातात रक्त चढतं
तेवढे चार तास उजवा मोकळा असतो,
म्हणून मी स्टूल ओढते आणि विचारते,
जगणं कसं चाललंय,
शून्य ते चार.

प्रश्न बाहेरून आलेत. मराठी मी केलं,
दोघींकडून तपासून घेतलं, शिक्का मारून आणला.
तरी पहिल्याच प्रश्नाला ती हसते.
'एक ब्लॉक चालताना त्रास होतो का?'
– एक पेव्हर ब्लॉक?
तो तर लंगडीत पण होतो, ताई.
मी खोडते. बरं, तुमच्या गल्लीपासून बसस्टॉपपर्यंत.
– कुठला? आधीचा, की खोदून ठेवलाय तो?

'एकटीने आंघोळ करता येते?'
ती जरा विचारात पडते.
मोरीला पडदा आहे,
पडद्याच्या अलीकडे बाबा जाळं विणतात,
काका मॅच बघतो, कोणीतरी साबण मागतं.
– एकटीने तर आमच्याकडे काहीच नाही करता येत.
मी दोन लिहिते. मधलं.

'घरातली कामं अवघड जातात?'
कधीच नाही. शून्य.
पाणी साडेचारला येतं, पावणेसहाला जातं,
त्यात अवघड काय नि सोपं काय.

समासात पाच चेहरे छापलेत, खुशपासून रडक्यापर्यंत,
लहानांसाठी, ज्यांना वाचता येत नाही.
तिला त्यांची गरज नाही,
तरी मधल्या चेहऱ्याला तिने कान काढले.
– नाहीतर याला प्रश्न ऐकू कसा येणार?

शेजारच्या पलंगावर हुजैफा, पंधरा वर्षांचा.
त्याने सगळ्या प्रश्नांवरून एकच उभी रेघ ओढली,
'क्वचित'वर, वरून थेट खालपर्यंत.
न वाचता.
किंवा एकदाच, नीट वाचून.

आईचा कागद वेगळा असतो.
ललिता बाहेरच्या बाकावर,
कोळंबी सोलून पांढरी पडलेली बोटं,
प्रत्येक ओळीत 'नेहमी'वर खूण करत जाते.
दमते – नेहमी. दुखतं – नेहमी.
रात्री उठते – नेहमी.
दोन्ही कागद शेजारी ठेवले तर
वाटावं, तांडेलांकडे मुली दोन आहेत.
अहवालात याला असहमती म्हणतात.

– आईने काय लिहिलं? रुचिता हळूच विचारते.
माझं पण तेच लिहा.
मग लगेच: नको, नको, थांबा.
ती वाचेल. कमीच लिहा.

एकविसावा प्रश्न:
'पुढे माझं काय होईल याची काळजी वाटते.'
ती वर पिशवीकडे बघते.
चार बोटं रक्त अजून उरलेलं.
पेनाचं टोपण काढते, लावते, काढते.
– हा नंतर करूया?

नंतर सुई निघाली,
कापूस दाबून धरला गेला,
बस लागलीय असं कोणीतरी ओरडलं
आणि मायलेकी जिना उतरून गेल्या.

रात्री चेंबूरला, भात उतरवून,
मी बेरजा करते.
रिकाम्या उत्तरांसाठी नियम छापलेला आहे:
निम्म्याहून जास्त रिकामी असतील तर मुलाला धरू नये.
एखादंच असेल तर त्याच्याच बाकी उत्तरांची
सरासरी काढून त्या जागी भरावी.

भरली.
पाण्याचे हंडे, मोरीचा पडदा,
बसस्टॉपपर्यंतचा खोदलेला रस्ता
आणि आईने वाचू नये म्हणून कमी केलेली दुखणी,
या सगळ्यांना भागून
तिच्या काळजीच्या चौकटीत ठेवलं.
शून्य पूर्णांक आठ.
म्हणजे जवळजवळ नाहीच.
एकूण, शंभरात ऐंशी.
वॉर्डातला आजचा सगळ्यात चांगला आकडा.

उद्या सकाळी कागद स्कॅनला द्यायचे.
यंत्र समास घेत नाही.
कान तिथेच राहतील.